मालकाच्या हातची पूजा

ढोमणे सरांना संगणकातलं काहीच कळत नव्हतं असं मी म्हटलं, तर ते त्यांच्यावर उपकार केल्यासारखं होईल. काहीच न कळणारा माणूस निदान हात आवरून बसतो. सरांना थोडंसं कळत होतं, आणि त्या थोड्याच्या जोरावर ते वर्ध्यातल्या आमच्या संगणक केंद्राचे प्रमुख झाले होते. संस्थेच्या अध्यक्षांचे ते साडू होते, ही त्यांची दुसरी पदवी. पहिली कोणती, हे मला अखेरपर्यंत समजलं नाही. मी त्या केंद्रात शिकवायला लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. बी.एस्सी. झालेली, तोंडाची फटकळ आणि स्वतःच्या हुशारीबद्दल तिळमात्र शंका नसलेली. आज पन्नाशी उलटल्यावर त्या पोरीकडे वळून पाहिलं की तिच्या एक कानाखाली ठेवून द्यावीशी वाटते. तिची सरांबद्दलची मतं मात्र मला अजूनही पटतात.

आमचं घर सिंदी मेघेला. पुढच्या खोलीत बाबांची पिठाची चक्की, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. सकाळी बाबांनी खटका दाबला की अख्ख्या घराला हुडहुडी भरायची. मांडणीवरचे पेले किणकिणायचे, पट्ट्याची फटफट सुरू व्हायची आणि दिवसभर आम्ही एकमेकांशी ओरडूनच बोलायचो. लाइट गेली की एकदम चिडीचूप. पण आईला हळू बोलायची सवयच राहिली नव्हती, त्यामुळे तेवढ्या शांततेत आमच्या घरातली भाजी, भांडणं आणि नातेवाइकांबद्दलची मतं सगळ्या गल्लीला कळायची. पीठ सगळीकडे असायचं. माझ्या पुस्तकांत, उशीवर, ओढणीच्या घड्यांत. बाबांच्या कानांवरच्या केसांत तर त्याचा कायमचा मुक्काम होता, आंघोळ केली तरी हलायचं नाही. कॉलेजात मैत्रिणी माझ्या खांद्यावरचं पीठ झटकल्याचं नाटक करायच्या, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर हसायचे आणि घरी येऊन आईवर चिडायचे. आई म्हणायची, "त्याच पिठाच्या भाकरी खाऊन तोंड चालवून राह्यली ना तू?" आणि ताटात गरम भाकर, अंबाडीची भाजी आणि भाजीवर कच्च्या तेलाची धार वाढायची. तिच्या हातची अंबाडी खाताना कोणाचाही राग टिकत नसे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

केंद्र गावात मुख्य रस्त्यावर, एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर होतं. दाराशी चपला काढायच्या, कारण संगणकाला धूळ चालत नाही. आत पोतेऱ्यावर पाय पुसायचे. खिडक्यांना मखमली पडदे, बारा संगणक, आणि बाराही संगणकांना फुलाफुलांच्या कापडाची शिवलेली झबली. फ्लॉपी आणायला बंदी होती. फ्लॉपीतून व्हायरस येतो, असं सरांनी कुठंतरी वाचलं होतं. आमच्या संगणकांवर लिनक्स होतं, त्याला त्या व्हायरसांनी काडीचा फरक पडत नाही, हे मी दोनदा सांगून पाहिलं. सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकवा. व्हायरस मी पाहतो." लिनक्स तरी आमच्याकडे आलं होतं ते काही विचार करून नव्हे. ते फुकट मिळतं, एवढं एकच वाक्य कोणीतरी अध्यक्षांच्या कानावर घातलं होतं.

सगळ्या विद्यार्थ्यांची खाती आणि त्यांच्या फाइली सरांच्या केबिनमधल्या एका मोठ्या संगणकात असत. बारांपैकी कुठल्याही संगणकापुढे बसून नाव आणि पासवर्ड टाकला की ज्याचं त्याचं खातं चित्रांसकट पडद्यावर उघडायचं. आता माझा फोन माझं तोंड पाहून उघडतो आणि नवा चष्मा लावला की मला ओळखत नाही. तेव्हा यंत्रांना एवढा शिष्टपणा यायचा होता. लिनक्समध्ये एक खातं सगळ्यांच्या वर असतं, त्याला रूट म्हणतात. त्याला कोणाच्याही खात्यात शिरता येतं, काहीही पुसता येतं, कोणी अडवत नाही. शहाणी माणसं त्या खात्यात कामापुरती जातात आणि लगेच बाहेर पडतात. ढोमणे सर तिथे बिऱ्हाड थाटून होते. चिठ्ठी टाइप करायची तरी रूट, पत्ते खेळायचे तरी रूट. पासवर्ड टाकताना ते कीबोर्डवर रुमाल धरत आणि अक्षरं मात्र तोंडानं पुटपुटत. त्यामुळे त्यांच्या मुलाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन, हे केंद्रात झाडायला येणाऱ्या बाईंनाही पाठ होतं.

दसऱ्याला घरी चक्कीची पूजा व्हायची. बाबा आदल्या संध्याकाळी पट्टा उतरवून ठेवत, सगळं मशीन पुसून घेत, सकाळी हळदकुंकू लावून वर आपट्याची पानं ठेवत आणि नारळ बाहेर पायरीवर फोडत. त्या दिवशी चक्कीला हात लावायचा नाही, तिची सुटी. केंद्रातही पूजा होती, पण सरांच्या खाक्याप्रमाणे. प्रत्येक संगणकाला झेंडूचा हार, कीबोर्डवर कुंकू, मोठ्या संगणकाच्या डोक्यावर नारळ. रांगोळी काढायचं आणि प्रसादाचा शिरा वाटायचं काम अर्थातच माझ्याकडे, बी.एस्सी.चा तेवढाच उपयोग. मी निघाले तेव्हा सर केबिनमध्ये खुर्चीवर मांडी घालून बसले होते.

"मॅडम, उद्या पोट्टे लॉगिन करतील तं पहिले देवीचं दर्शन होईन. एकेकाच्या खात्यात देवी बसवून राह्यलो."

"सर, फोटो पोरांना देऊ ना. ते आपापला लावतील."

"पूजा मालकाच्याच हातानं होत असते," सर म्हणाले आणि रुमाल काढला.

देवीशी माझं काही भांडण नव्हतं. घरी पातोड्यांचा रस्सा उकळत होता आणि मला तोच दिसत होता. मी सरांना सोनं देऊन निघून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळची बॅच आली. नावं टाकली, पासवर्ड टाकले. पडदा काळा झाला, क्षणभर लुकलुकला आणि पुन्हा नाव विचारायला लागला. पुन्हा टाकलं; पुन्हा काळा, पुन्हा नाव. काय चुकलं याची सूचना नाही, काही नाही. दारात या म्हणायचं आणि पाणीही न विचारता परत रस्त्यावर काढायचं, तसा प्रकार. एका संगणकावरून उठून दुसऱ्यावर बसलं तरी तेच. मी सरांना बोलावलं. त्यांनी रुमाल धरला, पुटपुटले, आणि त्यांचं खातं देवीसकट झोकात उघडलं.

"माहं तं उघडते!" सर म्हणाले. "म्हणजे मशीन बरोबर आहे. पोट्ट्यांले पासवर्ड टाकता येत नाई. काय शिकवता तुम्ही, मॅडम?"

इथे माझीही फजिती सांगितली पाहिजे. मला वाटलं, कुंकू. कळांच्या खाली कुंकू गेलं असणार, एक दाबली की दुसरी उमटत असणार. दुपारपर्यंत मी बाराही कीबोर्ड उलटे करकरून टूथब्रशनं घासत बसले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पासवर्ड चुकला असता तर पडद्यावर तसं स्वच्छ आलं असतं. येत नव्हतं, म्हणजे पासवर्ड मान्य होता आणि भानगड त्याच्या पुढे कुठंतरी होती. एवढी साधी गोष्ट स्वतःला हुशार समजणाऱ्या बाईला दुपारी तीन वाजता सुचली. मग मी चित्रांचा पडदा सोडून काळा पडदा उघडला. लिनक्सला हे दुसरं दार असतं. चित्रं नाहीत, माऊस नाही, नुसती अक्षरं. तिथे मी मंगलाला नाव आणि पासवर्ड टाकायला सांगितलं, आणि ती सरळ आत गेली.

मंगला उईके आर्वीकडच्या एका गावातली गोंड मुलगी, वर्ध्यात वसतिगृहात राहायची. एका बोटानं टाइप करायची. मी तिला दाराजवळच्या, माऊस अडकणाऱ्या संगणकावर बसवत असे, कारण चांगला संगणक हिला देऊन उपयोग काय, असं माझं मत होतं. मी अशीही मतं बाळगून होते. प्रत्येकाला परीक्षेसाठी एक प्रकल्प करायचा होता. बाकीच्यांनी दुकानाची बिलं नाहीतर वाचनालयाची यादी घेतली होती. मंगलानं आईकडून गोळा केलेले गोंडी शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ घेतले होते, शब्द टाकला की अर्थ सापडेल असे. चार महिने ती एका बोटानं ते भरत होती.

"मॅडम, माहे शब्द हायेत का?" तिनं विचारलं.

शब्द होते. मी तिच्या खात्यातल्या फाइलींची यादी काढायला सांगितली, प्रत्येक फाइलीपुढे मालकाचं नाव येतं तशी. मंगलाच्या कामाच्या फाइली मंगलाच्या नावावर होत्या. पण चित्रांचा पडदा मांडायला ज्या काही लपलेल्या फाइली लागतात, त्या सगळ्यांपुढे रूट लिहिलेलं होतं. तारीख दसऱ्याची, वेळ दुपारची. म्हणजे मी घरी पातोड्या ओरपत होते तेव्हाची. सरांनी नुसता देवीचा फोटो ठेवला नव्हता. आपल्या खात्यातली सगळी मांडणी उचलून, आपल्या मालकीच्या शिक्क्यासकट, चाळीस जणांच्या खात्यांत नेऊन ठेवली होती. आता मंगला आत यायला लागली की यंत्रणा त्या फाइली उघडायला जायची, त्या सरांच्या नावावर निघायच्या, मंगलाला त्यांना हात लावायची परवानगी नाही, म्हणून यंत्रणा बिचारी पडदा मिटून पुन्हा नाव विचारत बसायची.

मी हे सरांना सांगायला गेले ते सगळ्या बॅचसमोर. एकांतात सांगितलं असतं तर कदाचित गोष्ट तिथेच मिटली असती, पण एकांतात सांगण्यात मजा ती काय!

"देवीच्या फोटोनं मशीन बंद पडते?" सरांचा चेहरा लाल झाला. "असं कोणी ऐकलं का कधी? काल रांगोळी काढताना तूच वायरी हलवल्या असतीन. आन् ते काळी स्क्रीन उघडून काय करून राह्यली होती?" मॅडमची तू झाली होती.

मग निकाल लागला. सर शनिवारी नागपूरला जाऊन सीड्यांचा संच आणणार आणि सोमवारी सगळं फॉरमॅट करणार, म्हणजे मोठा संगणक पार पुसून कोरा. सरांना हा एकच इलाज ठाऊक होता, तापावरही आणि सर्दीवरही. पोरांचे प्रकल्प? "पुन्हा करतील. परीक्षेले दहा दिवस आहेत." फ्लॉपीवर उतरवून घ्यावेत तर फ्लॉपीला बंदी. आणि सोमवारी मी वडिलांना घेऊन यायचं. बिघाड माझ्याकडून झाला, असं आम्हा दोघांच्या सहीनं लिहून द्यायचं, कारण अध्यक्षांना उत्तर द्यावं लागतं. शिकवणाऱ्या बाईचा पालक बोलावणारं ते जगातलं पहिलंच केंद्र असावं. मी हसण्यावारी नेलं असतं, पण वर्ध्यात संगणक शिकवणाऱ्या जागा होत्याच किती? असा कागद फिरला की मला कोणी दारातही उभं करणार नव्हतं.

घरी गेले तेव्हा लाइट गेली होती. बाबा ओट्यावर बसून पट्ट्याचा जोड शिवत होते. सोमवारी अकराला केंद्रात या, एवढं मी त्यांना सांगितलं.

"काऊन बोलावलं व मले? झालं काय?"

"काही नाही. तुम्ही या फक्त."

"पन झालं काय, बेटा?"

"तुम्हाला नाही समजणार, बाबा. कॉम्प्युटरचं आहे."

बाबांनी मान हलवली आणि पुन्हा सुई हातात घेतली. आई आतून बाहेर आली होती. "तुह्या सरची माय याच ओट्यावर दळण घेऊन येत होती. तिच्या पोराले समजते, आन् तुह्या बापाले नाई समजत?" मी तशीच आत गेले. त्या दोघांना समजावत बसायचं म्हणजे रूट म्हणजे काय इथपासून सुरुवात, आणि माझं डोकं आधीच दुखत होतं.

शनिवारी सकाळी डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. सरांच्या मुलाचं नाव, एक-दोन-तीन. सर नागपूरला. रूट होऊन सगळ्या फाइली पुन्हा ज्याच्या त्याच्या नावावर करायला मला पाच मिनिटं लागली नसती. पण कोण कधी आत आलं याची नोंद मोठा संगणक ठेवतो. सर नागपूरला असताना सरांच्या नावानं कोण आलं, हे ओळखायला फार अक्कल लागली नसती. सरांनीही ओळखलं असतं. ज्या गोष्टीचा आळ होता ती मग मी खरोखर केल्यासारखी झाली असती. आणि नाही केली तर सोमवारी मंगलाचे शब्द पुसले जाणार. मी चहाचा कप घेऊन चक्कीच्या दारात उभी होते. ओट्यावर दळणाची रांग लागली होती. कोणीतरी भलामोठा पत्र्याचा डबा, झाकणाला कुलूप लावून, ओट्याच्या मधोमध ठेवून गेलं होतं. मागच्या बायकांना डबे टेकवायला जागा नव्हती.

"भाऊ, कुलूप तोडा न् दळून टाका," एक बाई म्हणाली. "रांग तं पुढे जाईन."

"दुसऱ्याचा डबा हाय, बाई. मी कसा उघडू?"

"मंग आमी काय दिवसभर इथंच बसू?"

बाबांनी डबा उचलला आणि खालच्या पायरीवर नेऊन ठेवला. "डबा त्याचा हाय. ओटा तं माहा हाय ना," ते म्हणाले आणि पुढच्या बाईचे गहू ओतायला घेतले.

मी चहा तसाच ठेवून चपला घातल्या. सरांच्या फाइली मंगलाला उघडता येत नव्हत्या, पण त्या होत्या तिच्या खात्यात, आणि खातं तिचं होतं. आपल्या खात्यात पडलेली वस्तू, मग ती कोणाच्याही मालकीची असो, तिचं नाव बदलून बाजूला सारायचा हक्क खातेदाराला असतो. मांडणी सापडली नाही की यंत्रणा खातेदाराच्या नावानं नवी कोरी मांडणी करून देते. म्हणजे रूटची गरज नव्हती, आणि सरांच्या मुलाची तर मुळीच नव्हती. हा नियम पुस्तकात होता. मी तो वर्गात शिकवलाही होता, फळ्यावर लिहून, खाली रेघ मारून. तो सुचला मात्र बाबांच्या डब्यामुळे, आणि हे बाबांना सांगावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

केंद्रात मी मंगलाला चांगल्या संगणकावर बसवलं आणि काळा पडदा उघडायला लावला. मी ओळी सांगत होते, ती एका बोटानं टाकत होती. मागे बाकीचे उभे राहून पाहत होते. मग तिनं नेहमीच्या पडद्यावर येऊन नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पडदा काळा झाला, लुकलुकला, आणि या वेळी परत फिरला नाही. कोरा निळा पडदा समोर आला.

"मॅडम, सगळं निळंच?"

"तुझं आहे. तुला पाहिजे ते लाव."

तिनं काही लावलं नाही. आधी आपली यादी उघडली आणि 'येर' शोधला. समोर 'पाणी' आलं. तिनं आणखी चार-पाच शब्द शोधून पाहिले आणि मग ओढणीनं तोंड पुसलं. संध्याकाळपर्यंत तिन्ही बॅचेसनी तेच केलं, प्रत्येकानं आपल्या हातानं. मी एकाही कीबोर्डला बोट लावलं नाही, कारण लावलं असतं तर सोमवारी तेच बोट माझ्यावर रोखलं गेलं असतं. जाताना मी मंगलाकडून दुरुस्तीच्या आधी साठवून ठेवलेली तिच्या फाइलींची यादी छापून घेतली. रूट, दसऱ्याची तारीख, दुपारची वेळ. घडी करून पर्समध्ये ठेवली आणि सोमवारी ती कशी बाहेर काढायची, कुठलं वाक्य म्हणून सरांपुढे टाकायची, याची रविवारभर मनात तालीम केली.

सोमवारी अकराला बाबा आले. चक्की बंद ठेवून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. दाराशी चपला काढल्या, पाय दोनदा पुसले आणि सरांनी दाखवलेल्या खुर्चीच्या कडेवर बसले. सकाळची बॅच समोर होती, आणि बाराही पडदे उघडे होते. शुक्रवारी जे काही केल्या उघडत नव्हतं ते आज कसं उघडलं, हा प्रश्न कोणत्याही माणसाला पडला असता. सरांनी सीड्यांची पिशवी टेबलावर ठेवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निळं निळं पाहिलं आणि विचारलं, "देवी कुठे गेली?"

सरांनी टाइप केलेला कागद काढला, त्यात पेनानं एक ओळ वाढवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. माझ्या मुलीकडून संगणकांत बिघाड झाला आणि देवीचा अवमान झाला, त्याबद्दल माफी मागतो. मग तो बाबांपुढे सरकवला. हाच तो क्षण. माझा हात पर्सवर होता. तेवढ्यात मला दिसलं की मागच्या रांगेतल्या दोन मुली बाबांच्या कानांकडे पाहताहेत, आणि त्यांतली एक दुसरीच्या खांद्यावरचं नसलेलं पीठ झटकते आहे. मला वाटलं, हे आटपावं, बाबांनी लवकर उठावं आणि इथून जावं. मग मी सरांचं काय करायचं ते करीन. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीच्या पडद्याकडे पाहिलं. त्यांनी पेन घेतलं आणि सावकाश, पूर्ण नाव लिहून, सही केली.

सरांनी कागद माझ्याकडे वळवला तेव्हा खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मंगला उभी होती.

"सर, माह्या खात्यातली देवी म्या काढली. मॅडमनं नाई काढली. माहं काम अडकलं होतं."

"तुले कोणी विचारलं?"

"कोणीच नाई विचारलं. म्हणून सांगून राह्यली."

बाकीचे सगळे कीबोर्ड पाहत होते. ज्यांचे प्रकल्प वाचले होते ते सगळे. त्यांची पुढे मोठमोठ्या ठिकाणी लग्नं झाली, नोकऱ्या लागल्या, अधूनमधून भेटतात आणि "मॅडम, तुमच्यामुळे" म्हणतात; मी त्यांना चहाही विचारत नाही. मंगला मात्र सरांनी दोनदा बस म्हणूनही बसली नाही. तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. मी घडी उलगडून टेबलावर ठेवली आणि काय झालं, कोणी केलं, कोणत्या दिवशी केलं, ते सांगितलं. तालमीतलं एकही वाक्य आठवलं नाही. सरांनी कागद पाहिला, कपाळावरचा घाम त्याच रुमालानं पुसला आणि म्हणाले, "हे तू घरून छापून आणलं." उद्यापासून येऊ नको, हे त्यांनी आणि येणार नाही, हे मी, दोघांनी एकदमच सांगितलं. सीड्या पिशवीतून निघाल्या नाहीत, प्रकल्प शाबूत राहिले. मी सही केली नाही. पण बाबांची सही असलेला कागद सरांनी फाइलीला लावला आणि मी तो मागितला नाही. केंद्र बंद पडून आता किती वर्षं झाली. तो कागद कुठल्या तरी रद्दीत गेला असेल, असं मी स्वतःला सांगत असते.

आम्ही पायीच निघालो. बाबा पुढे, मी मागे. बराच वेळ मी सरांना मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्या संपल्यावर बाबांवर आले.

"तुम्ही काऊन केली सही? वाचलं तरी होतं का, काय लिहिलं ते?"

"वाचलं ना."

"मग?"

बाबा थांबले. उन्हात त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. "मी तुह्याकडे पाह्यलं, बेटा. तू काई बोलली नाई. मले वाटलं, पोरीच्या हातून खरंच चूक झाली असन. मंग सही मीच कराले पाहिजे ना."

तिथेच एका पानठेल्याच्या सावलीत उभं राहून मी त्यांना सगळं सांगितलं. सरांनी दसऱ्याला काय केलं, पोरं आत का जात नव्हती, आणि शनिवारी पोरांनी सरांचं सामान आपापल्या खात्यात कसं बाजूला सारलं. बाबा खाली मान घालून ऐकत होते. मध्ये एकदाच त्यांनी विचारलं, "म्हणजे पोरांचं आपलं काम सरच्या सामानाखाली दबलं होतं?" मी हो म्हटलं. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील.

"एवढंच होतं?" बाबा म्हणाले. "हे तं मले समजते, व."